नांदेडची एक वखार आणि दोन सुतांची फट

वनोपयोजन हा विषय मी एकवीस वर्षे शिकवला. झाड जमिनीवर पडल्यापासून त्याचे दार, तुळई किंवा नांगर होईपर्यंत लाकडाचे काय काय होते याचा हिशेब ठेवणारा हा विषय आहे, असे पहिल्याच तासाला सांगून मी फळ्यावर तोड, वाहतूक, मोजमाप, कापणी, वाळवण, संरक्षण आणि वापर अशी साखळी काढत असे. निवृत्तीनंतर वसमतला घर बांधले आणि चौकटी-दारांचे लाकूड घ्यायला नांदेडच्या एका वखारीत गेलो, तेव्हा त्याच साखळीतली एक कडी मी स्वतः विसरलो. तिची आठवण आठ महिन्यांनी दारानेच करून दिली.

या वखारीविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे चांगले आहे. नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी एक तक्रार येणार आहे ती मी पाहिलेल्या मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक वखारीला लागू पडते, त्यामुळे ती एकट्या यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

वखार शहराच्या कडेला आहे. फाटकातून आत गेले की डाव्या हाताला ओंडक्यांची रास, समोर पत्र्याच्या शेडखाली आरा, त्याच्या मागे रंधा मशीन आणि उजव्या हाताला कापलेल्या मालाच्या थप्प्या. कच्छहून आलेल्या पटेल मंडळींनी महाराष्ट्रात गावोगावी लाकडाचा धंदा उभा केला, त्यांपैकीच हे एक कुटुंब. आजोबांच्या काळात आलेले आणि आता घरातसुद्धा निम्मी मराठी बोलणारे. मी काय शिकवत होतो हे कळल्यावर शेठनी गल्ल्यावरून उठून स्वतः वखार दाखवली. गिऱ्हाईक शिकलेले आहे असे दिसले की काही दुकानदार आवरते घेतात, येथे उलटे झाले. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

सागवानाचे तीन ढीग त्यांनी वेगवेगळे दाखवले आणि तिन्हींची नावे खरी सांगितली. या एकाच गोष्टीसाठी मी या वखारीला पहिल्या प्रतीचे गुण देईन. पहिला ढीग बल्लारशाहकडच्या लिलावातला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील हा साग. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रातून जे सागवान पाठवले गेले तेही बल्लारशाहचेच, हे शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात असे मला आऱ्यावरच्या चाचांनी नंतर हसत सांगितले. दुसरा ढीग कांडला बंदरातून आलेल्या परदेशी सागाचा, बहुतेक आफ्रिकेतला आणि थोडा दक्षिण अमेरिकेतला. तिसरा लहानसा ढीग शेतकऱ्यांनी बांधावर लावलेल्या सागाचा. मी विचारले तेव्हा बल्लारशाहच्या मालाला घनफुटाला ५,२०० रुपये आणि परदेशी मालाला २,८०० रुपये असा भाव सांगितला गेला. भावातली ही तफावत पाहता दुसरा माल पहिल्याच्या नावाने खपवण्याचा मोह किती मोठा असेल हे वेगळे सांगायला नको.

तफावतीचे कारण तेथेच डोळ्यांनी दिसते. लागवडीतला परदेशी साग लवकर वाढलेला आणि लवकर तोडलेला असतो, त्यामुळे ओंडक्याच्या तोंडावर पाहिले तर बाहेरचा पांढरा भाग जास्त आणि आतला तपकिरी गाभा कमी. सागाची जी कीर्ती आहे, वाळवी लागत नाही, हाताला किंचित तेलकट लागतो, पावसात टिकतो, ती सगळी गाभ्याची आहे. पांढऱ्या भागात ते गुण नसतात आणि त्याला भुंगा इतर कोणत्याही मऊ लाकडासारखाच लागतो. परदेशी साग वाईट नव्हे. गाभ्याचा तुकडा निवडून घेतला तर आतल्या खोल्यांच्या दारांना तो पुरेसा आहे आणि मी तोच घेतला. मुख्य दरवाजाला मात्र बल्लारशाहचा. लहानपण किनवटला गेले असल्यामुळे तिकडचा साग मिळतो का हेही विचारून पाहिले. मराठवाड्यात सागाचे म्हणावे असे जंगल मुख्यतः किनवट-माहूरच्या पट्ट्यातच आहे आणि एके काळी आमच्या गल्लीतल्या घरांना दुसरे लाकूड माहीत नव्हते. शेठनी सरळ सांगितले की कागद असलेला किनवटचा माल त्यांच्याकडे क्वचित येतो आणि कागद नसलेला ते घेत नाहीत. ओंडक्यांवरचा वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि फायलीतला वाहतूक परवाना त्यांनी न मागता दाखवला.

मोजमापाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथे गिऱ्हाइकाचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो. ओंडका विकताना वखारीत घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ही रीत इंग्रजांकडून आलेली आहे. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मध्ये तिचे कोष्टक छापले आणि लाकूडबाजारात ती अजून चालते. समजा, ओंडक्याचा घेर ४८ इंच आणि लांबी ८ फूट आहे. चौथा हिस्सा १२ इंच, त्याचा वर्ग १४४ चौरस इंच म्हणजे बरोबर एक चौरस फूट, म्हणून ओंडका ८ घनफूट भरला. पण तोच ओंडका गोल धरून भूमितीने मोजला तर तो १० घनफुटांच्या किंचित वर जातो. म्हणजे सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबात धरलेच जात नाही. ही फसवणूक नव्हे, सवलत आहे: साल, ओंडका चौकोनी करताना बाजूने निघणारे फाळके आणि आऱ्याच्या पात्यात जाणारा भुसा यांची वजावट आधीच केलेली असते. विद्यार्थ्यांना हे समजावताना माझा अर्धा तास जात असे. चाचांनी तेच एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर एका वाक्यात सांगितले, "गोल घेतो, चौकोन मोजतो, कोपरे तुमचे."

कोपरे खरोखर गिऱ्हाइकाचे असतात का, हे मात्र आधी ठरवून घ्यावे. ओंडका विकत घेऊन तेथेच कापून घेतला तर फाळके कोणाचे, याचा उल्लेख पावतीवर नसतो. मी विचारले म्हणून मला मिळाले, आणि त्यातून स्वयंपाकघरातल्या दोन मांडण्या झाल्या.

कापलेला माल घेतला तर हिशेब सोपा आहे. सात फूट उंच आणि चार फूट रुंद चौकटीला, खालचा उंबरा सोडून, १८ फूट लांबीचा माल लागतो; पाच बाय तीन इंचांचा काटछेद धरला तर ते दोन घनफुटांपेक्षा किंचित कमी, १.८७५ घनफूट होते. वखारीने पावतीवर ते १.९ लिहिले. बाजारात सर्रास दोन लिहितात. प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी-जाडी स्वतंत्र ओळीत लिहिलेली अशी पावती मी फार दिवसांनी पाहिली.

आऱ्याचे कामही नेटके आहे. पाते वेळेवर बदलले जाते हे कापलेल्या फळीवर हात फिरवला की कळते. बोथट पात्याने कापलेली फळी केसाळ लागते आणि तिची जाडी एका टोकाला वेगळी, दुसऱ्या टोकाला वेगळी भरते. ओंडका ट्रॉलीवर चढवण्याआधी चाचा त्याच्या तोंडाशी वाकून भेगा कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहतात आणि मगच पहिला काप कोठून घ्यायचा ते ठरवतात. हे कसब कोणत्याही अभ्यासक्रमात एका प्रकरणाएवढेच असते, पण लाकूड किती वाया जाईल ते त्यावरच ठरते.

लाकूड ओळखण्याची या वखारीची एक पद्धत तर मी यापुढे आयुष्यभर सांगत राहीन. कोपऱ्यात बिवळ्याच्या काही फळ्या होत्या, पैनगंगेपलीकडे याला बिजा म्हणतात. हा खरोखर बिवळाच कशावरून, असे मी शिक्षकी खोडीने विचारले. शेठच्या वडिलांनी काही न बोलता रंध्याखालचे मूठभर छिलके उचलले, स्टीलचा नको म्हणून काचेचा पेला मागवला, त्यात पाणी ओतून छिलके टाकले आणि पेला उन्हात ठेवला. चहा येऊन संपेपर्यंत पाणी सोनेरी झाले होते आणि पेल्याच्या कडेला, ऊन जेथून आत शिरत होते तेथे, मोरपिसासारखी निळी झाक चमकत होती. बिवळ्याच्या गाभ्यातील द्रव्ये पाण्यात उतरली की असे होते. मधुमेहावर म्हणून याच लाकडाचे पेले विकतात. त्याच्या औषधीपणाविषयी मी येथे काही म्हणत नाही, पण ओळख म्हणून ही परीक्षा पक्की आहे. मी महाविद्यालयात यासाठी दहा पट भिंग, धारदार पाते आणि छिद्रांच्या रचनेचा तक्ता वापरायला शिकवत असे. ते चुकीचे नव्हते, पण विद्यार्थ्यांच्या लक्षात पेलाच राहिला असता.

फाटकाजवळ बाभळीचा एक जुना ढीग पडलेला आहे. त्याच्याकडे आता कोणी ढुंकूनही पाहत नाही. नांगर, वखर, तिफण, बैलगाडीची चाके, हे सगळे मराठवाड्यात बाभळीवर चालत असे, आणि जुने सुतार बाभळीचे ओंडके ओढ्याच्या डोहात महिनोन्महिने बुडवून ठेवून मगच हत्यार लावत. आता अवजारे लोखंडाची झाली आणि बाभूळ जळणात गेली. मी त्यातले दोन तुकडे उंबऱ्यासाठी घेतले. शेठनी त्यांचे पैसे लावायला संकोच केला, आणि आमच्या मिस्त्रींनी रंध्याचे पाते बोथट झाले म्हणून मला दोन दिवस बोल लावले.

आता तक्रारीकडे येतो.

माल मी भाद्रपदात घेतला. शेठनी सांगितले की हा दोन वर्षे मुरलेला आहे, सर, ह्यात पाणी नाही राहिलं आता. फळी हाताला कोरडी लागत होती. टोकांना भेगा नव्हत्या. माझ्याकडे घरी ओल मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र आहे, ते पिशवीत घालून न्यायचे मला सुचले नाही. एकवीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की फळीचा पृष्ठभाग खोटे बोलतो आणि आतला भाग खरे, म्हणून मोजायचे तर फळी ताजी चिरून मधोमध मोजा. त्या दिवशी मी रंग पाहिला, गाभा पाहिला, गाठी पाहिल्या, ठसा पाहिला, पावती तपासली, आणि ओल तेवढी पाहिली नाही.

दिवाळीत दार बसले. चैत्राच्या शेवटी एके दुपारी पश्चिमेचे ऊन मुख्य दरवाजावर आले असताना मधल्या पॅनेलच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक फिकट, कोरी रेघ दिसली. पॉलिश न लागलेले लाकूड होते ते. पॅनेल आकसले होते. डाव्या कडेला ते पॉलिशने चौकटीला धरून ठेवलेले असल्यामुळे सगळी आकसण उजवीकडे उघडी पडली होती. मिस्त्रींनी पट्टी लावून मोजले आणि म्हणाले, "सर, दोन सूत."

दोन सूत म्हणजे पाव इंच. हा आकडा दैवाचा नाही, गणिताचा आहे. लाकडातील ओल तीस टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड आकसत नाही. त्याखाली गेले की आकसू लागते. सागाची फळी वाढीच्या वर्तुळांच्या कडेने पूर्ण वाळेपर्यंत साधारण साडेपाच टक्के आकसते आणि त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्म्यानेच. आमचे पॅनेल दहा इंच रुंद होते. बसवताना आत वीस टक्के ओल असेल आणि वसमतच्या उन्हाळ्यात ती आठावर आली असेल, तर दहा इंचांमागे पावणेदोन ते दोन सूत जागा मोकळी होणार, हे मी मिस्त्रींना पट्टी खिशात घालायच्या आत सांगू शकलो असतो. त्याचा उपयोग सहा महिन्यांपूर्वी होता. शिवाय पॅनेलसाठी डोंगराच्या रांगांसारखी नक्षी असलेली फळी मीच हौसेने निवडली होती. ती नक्षी ज्या कापात येते तो काप सर्वांत जास्त आकसणारा. सरळ रेघांची फळी दिसायला साधी पण वागायला गुणी. गिऱ्हाईक नेहमी पहिली उचलते, आणि मीही गिऱ्हाईकच होतो.

वखारीत जाऊन शेठना दाखवले. ते चिडले नाहीत. त्याच थप्पीतली फळी ओढून मध्ये चिरायला लावली आणि या वेळी माझे यंत्र बरोबर होते: वरच्या पृष्ठभागावर ११, मधोमध १९. यंत्रावर विसंबू नये म्हणून मी तुकडा घरी आणून सोनाराच्या काट्यावर तोलला, भट्टीत १०३ अंशांवर दिवसभर ठेवला आणि पुन्हा तोलला. ओला असताना ६२ ग्रॅम, कोरडा ५२. दहा ग्रॅम पाणी भागिले बावन्न, म्हणजे एकोणीस टक्के. दाराखिडक्यांच्या लाकडासाठी भारतीय मानक हवामानाच्या पट्ट्यानुसार आणि जाडीनुसार साधारण आठ ते सोळा टक्क्यांची मर्यादा सांगते, आणि आमचा कोरडा उन्हाळा पाहता खालच्या टोकाकडे राहणेच शहाणपणाचे.

शेठ खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. माल दोन वर्षे वखारीत होता हे खरेच असावे. पण तो फळीला फळी भिडवून, मध्ये हवा जायला पट्ट्या न घालता, पत्र्याच्या कडेला पावसाचे पाणी उडते अशा जागी थप्पी लावून ठेवलेला होता. असा माल दोन वर्षे पडून राहतो, वाळत नाही. मुरणे आणि पडून राहणे यांतला फरक या धंद्यात कोणी मोजत नाही, कारण विचारणारेही कोणी नाही. चार तास मी वखारीत बसलो होतो आणि तेवढ्यात सात गिऱ्हाइके आली. साग कुठला, भाव काय, गाठी किती, हे सगळ्यांनी विचारले. किती वाळलेला आहे, हे एकानेही नाही. मराठवाड्याच्या हवेत तर हाच प्रश्न पहिला असायला हवा. वैशाखात दुपारची हवा ओठ फाटतील इतकी कोरडी आणि श्रावणात भिंतीला बुरशी येईल इतकी दमट. वर्षातून एकदा दार घट्ट होते आणि एकदा सैल, आणि ओले लाकूड त्या दोन्हींच्या वर स्वतःची आकसण घालते.

दुसरी उणीव संरक्षणाची. पांढऱ्या भागाच्या पट्ट्यांना बोरिक आम्ल आणि टाकणखार यांच्या द्रावणात बुडवून देण्याची सोय येथे नाही, आणि मी सुचवल्यावर शेठनी "डांबर लावून देतो" असे उत्तर दिले. ज्या देशात डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधून काढले आणि पुढे जगभर विजेचे खांब त्याने टिकवले गेले, त्या देशातल्या वखारीत नव्वद वर्षांनी डांबराचा डबा निघावा, याचे वाईट वाटले. आर्सेनिकवाले मिश्रण घरात वापरू नये हे खरे, पण टाकणखार कोणत्याही किराणा दुकानापासून फार लांब नाही.

नुकसानीविषयी त्यांचे वागणे कसे होते हे सांगितले पाहिजे. पॅनेलचे नवे लाकूड त्यांनी पैसे न घेता दिले, कापून आणि रंधा मारून दिले. मिस्त्रींची मजुरी आणि पॉलिश मला पडले. ते निम्मे द्यायला तयार होते. मी घेतले नाही, कारण यंत्र माझ्या कपाटात होते.

तेव्हा कोणी विचारले, तर मी अजूनही याच वखारीत जा असे सांगतो. जातीत फसवणार नाहीत, मापात फसवणार नाहीत, आरा चांगला आहे आणि शेठच्या वडिलांशी तासभर बोलणे कोणत्याही वनविद्येच्या विद्यार्थ्याला एका प्रात्यक्षिकाएवढे आहे. फक्त लाकूड दार बसवण्याच्या आठ दिवस आधी घेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडाशी तर मुळीच घेऊ नका. फळी चिरायला लावा आणि चिरलेल्या तोंडावर मोजा. यंत्र नसेल तर तुकडा मागून घ्या, तोलायला काटा कोणत्याही सोनाराकडे असतो.

देवघर आणि माजघर यांची दारे अजून व्हायची आहेत. त्यांच्यासाठी सरळ रेघांच्या चौदा फळ्या मी गेल्या महिन्यात निवडल्या, पण घरी आणल्या नाहीत. वखारीतच, शेडच्या आतल्या कोपऱ्यात, फूटभर उंच विटांवर त्या रचल्या आहेत. दर दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक सरळ रेषेत, टोकांना ऑइलपेंट. जागेचे भाडे शेठनी मागितले नाही. सर्वांत वरच्या फळीवर चाचांनी खडूने तारीख आणि त्या दिवसाचा आकडा लिहिला, १८, आणि दर पंधरा दिवसांनी मी गेलो की त्याखाली नवा आकडा मीच लिहायचा असे ठरले आहे. काल तेथे १४ लिहून आलो.